वामनभाऊंचा पांढरा

आमचे शेजारी वामनभाऊ रामटेके मध्यंतरी भिंतीसमोर उभे राहून जेवत. जेवण हे निमित्त. ताटातला भात चमच्यात घ्यायचा, तो भिंतीला लागेल न लागेल इतका जवळ न्यायचा, मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे कलती करायची, आणि भात पार थंड झाला की निकाल द्यायचा, "जवळचा आहे. पण सख्खा नोहे." मग तो थंड भात ते खात, आणि आतून त्यांच्या पत्नी कांताबाई विचारत की भिंतीलाही थोडं वरण वाढू का.

सख्खा हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. वामनभाऊंच्या लेखी जगात खरा पांढरा एकच आहे आणि बाकीचे सगळे त्याचे नातेवाईक. मी जिथे शिकवते त्या शाळेच्या भिंती त्याच्या चुलत घराण्यातल्या. दवाखान्याच्या भिंती सावत्र, कारण त्यांत हिरवा मिसळलेला असतो असा वामनभाऊंचा दावा आहे. माझ्या स्वयंपाकघराला मी मोठ्या हौसेने रंग दिला, तेव्हा ते पाहायला आले. चारही भिंतींवरून हात फिरवला, बशीभर पोहे खाल्ले आणि जाताना म्हणाले, "मॅडम, हा पांढऱ्याच्या मामाकडला आहे. काई हरकत नाई. मामाकडलेबी माणसंच असते." त्या दिवसापासून पोळ्या लाटताना आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून आलो आहोत असं मला वाटतं.

हे वेड त्यांना नोकरीने लावलं. बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये त्यांची सारी नोकरी तपासणीच्या खोलीत गेली. बांबू आत यायचा, त्याचा लगदा व्हायचा, लगदा धुऊन धुऊन पांढरा व्हायचा आणि शेवटी जो कागद निघायचा त्याचा तुकडा वामनभाऊंच्या हातात यायचा. पांढरेपणा मोजायला तिथे यंत्र होतं. पण वामनभाऊ तुकडा खिडकीकडे धरून आधीच सांगून मोकळे व्हायचे आणि यंत्र मागाहून तेच सांगायचं. यंत्राने वेगळं काही सांगितलं तर यंत्र दुरुस्तीला जायचं. ही सगळी माहिती मला वामनभाऊंनीच दिलेली आहे, त्यामुळे यंत्राची बाजू मला ठाऊक नाही. पण मिलमधली जुनी माणसं घराला रंग द्यायचा म्हटला की अजूनही त्यांना न्यायला येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "चाला भाऊ, तुमचा डोळा पाह्यजे," असं कोणी दारात येऊन म्हणालं की वामनभाऊ हातातला घास ताटात ठेवून चप्पल शोधायला लागतात. तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आता बल्लारपूरसारख्या गावात राहून माणसाने पांढऱ्याचा ध्यास घ्यावा, हेच मुळात अवघड. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे मिलची चिमणी. सकाळी वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी काढायला गेलं तर ओळख पटत नाही. आम्ही बाकीचे लोक केव्हाच राखाडी आणि चॉकलेटी रंगाला शरण गेलो. वामनभाऊ नाही गेले. ते पांढरा शर्ट घालतात, पांढरा रुमाल बाळगतात आणि पांढऱ्याबद्दल कुठेही, कोणासमोरही मत देतात. एकदा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या मयतीला आम्ही उभे होतो. सगळे खाली मान घालून होते. वामनभाऊ माझ्या कानाशी आले आणि अगदी मनापासून हळहळले, "कापड दुधी आणलं ना या लोकायनं. माणूस चांगला होता मॅडम, त्याले खरा पांढरा पाह्यजे होता." मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. लोकांना वाटलं, मास्तरांवर माझी फार श्रद्धा होती.

असा हा माणूस. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं आणि स्वतःच्या घराला रंग देण्याची वेळ आली, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा.

लेक म्हणजे प्रणाली. मुलचेऱ्याला तहसील कार्यालयात नोकरीला आहे, शनिवार-रविवार घरी येते. जावई कुरखेड्याकडचा, घरची धानाची शेती. लग्न ऐन उन्हाळ्यात धरलेलं. रामटेके मंडळी बौद्ध, आणि त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते. लग्नाच्या सकाळी पाहुणे घरी जमणार, बैठकीत बुद्धाच्या तसबिरीपुढे प्रणाली पांढऱ्या साडीत उभी राहणार, वंदना होणार आणि मग मंडळी मंगल कार्यालयात जाणार. वामनभाऊंनी सगळ्या लग्नातून हीच एक घटका स्वतःकडे घेतली. जेवण, मंडप, पत्रिका हे सारं कांताबाईंनी पाहावं. लेकीच्या मागची भिंत ते पाहणार होते. ती भिंत साडीहून पांढरी असली तर पोरगी मळकी दिसणार, आणि साडीहून मळकी असली तर बापाची इतक्या वर्षांची नोकरी फुकट गेली असं होणार. लग्न तोंडावर आलं होतं आणि बैठकीचा पांढरा ठरत नव्हता.

रंगवायला गोपालदा होते. मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली वस्तीची गावं आहेत, त्यातल्या एका गावचे. हात साफ, स्वभाव गरीब, बोलणं बंगाली वळणाचं हिंदी आणि त्यात जमेल तेवढी मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवर पांढऱ्याचा एक पट्टा मारला. वामनभाऊ म्हणाले, याच्या शेजारी दुसरा मार. मग तिसरा. मग दुकानातलं छटांचं कार्ड आलं, त्यात मिल्क व्हाइट, पर्ल व्हाइट, लिली व्हाइट, आयव्हरी अशी इंग्रजी नावं होती. वामनभाऊंना ती पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःची ठेवली. एक पेजेचा पांढरा झाला, एक मोहफुलाचा, एक बगळ्याचा, एक नुसताच कुरखेड्याच्या पाहुण्यांचा. आठवडा संपायच्या आत बैठकीची भिंत अशी झाली की कांताबाई कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "भिंतीले गजकर्ण झालं व बाई." गोपालदा स्टुलावर बसून चहा पीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की काकांना समजवा, हे सगळे सफेदच आहेत.

मग वामनभाऊंनी शेजाऱ्यांना कामाला लावलं. सकाळी दूधवाला आला की त्याला आत बोलवायचं. पेपर टाकणारा, गॅसवाला, समोरच्या रेल्वेवाल्यांच्या सासूबाई, कोणी सुटलं नाही. मी शाळेत जायला स्कूटी काढली की हे फाटकात उभे. "मॅडम, एक मिनिट. हा अन् तो, तुमाले कोणता उजळ वाटते?" मी सांगायची. दुपारी परतले की पुन्हा तेच, कारण ऊन बदललेलं. मी एकदा वैतागून म्हटलं की भाऊ, सगळ्या गावाचा पांढरा तुम्ही सांगता आणि स्वतःच्या घरी मला विचारता? ते हसले आणि म्हणाले की स्वतःच्या पोराचा पेपर मास्तरनं तपासू नये. मला ते उत्तर आवडलं. मी ते शाळेत दोघा-तिघांना सांगितलंसुद्धा.

त्यांची भांडणं मात्र वाढली होती. दूधवाल्याशी भांडले की म्हशीचं म्हणून गाईचं घालतोस, दूध पिवळं आहे. इस्त्रीवाल्याला म्हणाले की शर्टाला डाग नाही पण तेज गेलं. बैठकीतली ट्यूब बदलली, मग बल्ब आणले, मग तेही बदलले. रंगाच्या कंपन्यांनी अलीकडे भेसळ सुरू केली आहे यावर त्यांनी मला फाटकात उभं राहून व्याख्यान दिलं, माझी पहिली तासिका बुडेपर्यंत. बोलताबोलता चष्मा काढून बनियनने पुसत, पुन्हा घालत, पुन्हा पुसत. आम्ही सगळे हसत होतो. लेकीच्या लग्नात बाप थोडा वेडा होतोच, असं म्हणत होतो.

एका शनिवारी प्रणाली दोन साड्या घेऊन आली. दुकानदाराने दोन्ही घरी दाखवायला दिल्या होत्या, एक ठेवायची आणि एक परत करायची. कांताबाईंनी मला हाक मारली म्हणून मीही गेले. प्रणालीने दोन्ही साड्या दिवाणावर उलगडल्या. एक स्वच्छ पांढरी होती. दुसरी मोतिया, आटवलेल्या दुधासारखी. मला रंगातलं काही कळत नाही, माझं स्वयंपाकघर मामाकडचं आहे, पण हा फरक मला दारातूनच दिसला. प्रणालीने लाडात येऊन विचारलं, "बाबा, सांगा आता. सख्खी कोणती?"

वामनभाऊंनी दोन्ही साड्यांचे पदर उचलले आणि दारापाशी गेले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. एक पदर या हातात, एक त्या हातात. मान डावीकडे झाली, उजवीकडे झाली. बराच वेळ गेला.

"दोन्ही एकच आहे," ते म्हणाले. "एकाच ताग्यातल्या. तुले दुकानदारानं फसवलं."

गोपालदांचा ब्रश हातातच राहिला. कांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. प्रणाली पुढे झाली, बापाच्या हातातून पदर अलगद सोडवून घेतले आणि घडी घालत म्हणाली, "हो बाबा. सारख्याच आहेत." तिचा आवाज अगदी रोजचा होता. पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी कुंड्यांना पाणी घालत होते. वामनभाऊ त्यांच्या ओट्यावर एकटे बसले होते. त्यांनी मला हात केला. मी कुंपणापाशी गेले. ते मिलच्या चिमणीकडे पाहत होते.

"मॅडम, पोरगी खोटं बोलली ना माह्यासाठी?"

मी हातातली झारी खाली ठेवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना पांढरा दिसत नव्हता. आधी वाटलं, कोळशाची धूळ बसली आहे. मग वाटलं, चष्मा जुना झाला. मग ट्यूब, मग बल्ब, मग दूधवाला. "मले वाटलं, दुनियाच पिवळी पडली," ते म्हणाले. सगळ्या भिंती एकाच रंगाच्या दिसायला लागल्या, धुरातून पाहावं तशा. त्यांना कोणी घरी नेलं की ते तिथल्या लोकांनाच आधी बोलू देत, आणि जे उत्तर जास्त जण देतील तेच थोडं फिरवून आपलं म्हणून सांगत. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी भिंतीपुढे का उभं केलं होतं, ते मला आता कळलं. आमच्या डोळ्यांनी ते पाहत होते.

मी चिडले. भाऊ, हा साधा मोतीबिंदू आहे, माझ्या आईलाही झाला होता, चंद्रपूरला दवाखाना आहे, इतके दिवस गप्प का बसलात, असं सगळं मी एका दमात बोलले. शिक्षिकेची सवय. ते म्हणाले, "लोकं मले नावानं नाई ओळखत. डोळ्यानं ओळखते. तो गेला असं सांगू त सांगू कोणाले? अन् डॉक्टरच्या हातून बिघडला त?" पुढे म्हणाले, "पण आता गेल्याबिगर इलाज नाई. ते पोरगी पांढरं नेसून समोर उभी राहीन, अन् मले पिवळी दिसन. जनमभर लोकायचा पांढरा पाह्यला म्या. पोरीचा नाई दिसला त काय केलं मंग?"

मला वाटलं होतं की त्यांना समजवायला रात्रंदिवस बोलावं लागेल. काही लागलं नाही. मी त्यांच्या घरात गेले तर प्रणाली स्वयंपाकघरात फोनवर चंद्रपूरच्या दवाखान्याची वेळ घेत होती. तिने मोतिया साडी परत करायच्या पिशवीत ठेवली होती. बापाला न विचारता तिने आयुष्यात केलेली ती बहुतेक पहिलीच निवड.

डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत आहे, पण लग्नाआधी एकच करू, दुसरा नंतर. प्रणालीने रजा काढली आणि वडिलांना घेऊन गेली. कांताबाई जाऊ शकल्या नाहीत. घरी पत्रिका होत्या, पापड होते, गावाकडून येणारी माणसं होती. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे येऊन फोन चालू आहे ना हे किती वेळा पाहून घेतलं, ते मी मोजलं नाही. एकदा त्या नुसत्याच येऊन बसल्या. म्हणाल्या, "त्यायचा डोळा गेला त ते कशावर बोलतीन बाई, मंग?"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी निघाली आणि दुपारी ऑटो फाटकाशी थांबला. वामनभाऊ काळा चष्मा लावून उतरले. प्रणाली हसूनहसून दमली होती. सांगत होती की रस्ताभर बाबा चष्म्याच्या कडेने बाहेर पाहत आले. एक डोळा हाताने झाकायचा, मग दुसरा झाकायचा. ट्रक पाहिला, बकऱ्या पाहिल्या, आभाळ पाहिलं. जुन्या डोळ्याने वेगळं, नव्या डोळ्याने वेगळं. ऑटोवाल्याला सांगत होते की पांढऱ्यात निळा असतो, हे ते विसरूनच गेले होते.

बैठकीत आम्ही सगळे जमलो होतो. दूधवाला होता, समोरच्या सासूबाई होत्या. गोपालदांनी सगळे डबे ओळीने उघडून ठेवले होते आणि भिंत ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. लग्नाला मोजके दिवस उरले होते, आज निकाल लागला नसता तर भिंत तशीच राहिली असती. वामनभाऊंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं, प्रणाली ओरडली, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते भिंतीकडे वळणार, एवढ्यात कांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आतून आल्या. घाईत होत्या, पदर खांद्यावर पडला होता.

वामनभाऊ थबकले.

त्यांनी उजवा हात उचलून नवा डोळा झाकला आणि कांताबाईंकडे पाहिलं. मग हात या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला आणि पुन्हा पाहिलं. कांताबाई तांब्या पुढे धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, डोळ्यात काही खुपतंय.

"हे कधी झालं वं?" वामनभाऊ म्हणाले.

"काय?"

"केस."

कांताबाईंचे केस पांढरे झाले आहेत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कपाळापासून अंबाड्यापर्यंत, एक काळा धागा उरलेला नाही. मागल्या वर्षी त्यांनी मेंदी लावणं सोडलं, तेव्हा मला म्हणाल्या होत्या की पाहू, यांच्या कधी ध्यानात येते. मग कित्येक दिवस त्यांनी वाट पाहिली असावी. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

"झाले तवा सांगतलं असतं," कांताबाई हळूच म्हणाल्या, "पण तुमी कोणाच्या ना कोणाच्या भिंतीपाशी होते."

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला ऐकवेना. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही, कारण माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं.

गोपालदांना यातलं काही कळलं नसावं, किंवा कळलं असेल म्हणूनच त्यांनी मध्ये विचारलं, "काका, फिर कौनसा मारू?"

"कोणताबी मार," वामनभाऊ म्हणाले. त्यांनी भिंतीकडे मान वळवली नाही. दाराशी जिथे त्यांनी साड्यांचे पदर धरले होते, तिथे त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली. कांताबाईंच्या हातातून तांब्या घेऊन खाली ठेवला. "तू बस इथी. उजेडात बस."

कांताबाई बसल्या. इतक्या माणसांसमोर नवरा असा समोर उभा राहून पाहतोय, याची त्यांना भारी लाज वाटली असणार. त्यांनी पदर डोक्यावर घ्यायला हात वर नेला, क्षणभर तिथेच धरला आणि मग पदर तसाच राहू दिला.